हिरव्या बसची वाट

तिने खोक्यातून हिरवी बस काढली, टेबलावर ठेवली आणि पुढच्या काचेवर अंगठा दाबला. काच खटकन निघून आत पडली.

"ही पाठवली असती, तर तुम्हाला बस वेळेवर मिळाली असती," ती म्हणाली. "आणि घरी गेल्यावर तिचं हे असं झालं असतं. म्हणून सगळा माल मी मोडीत काढला."

कारखान्याच्या पुढच्या खोलीत गिऱ्हाइकं दाटीवाटीने उभी होती. जुन्या गाड्यांच्या हातभर लांबीच्या प्रतिकृती बनवणारी ही छोटी कंपनी तिची स्वतःची. संग्रह करणाऱ्यांनी बससाठी आगाऊ नोंदणी केली, त्याला वर्ष उलटलं होतं आणि तारीख तर पुन्हा पुन्हा पुढे जात होती. लोक चिडले होते. पण आज सगळ्यांना बोलावून घेतलं होतं तिनेच.

"गोड बोलून वेळ मारून न्यायची," चष्मेवाला म्हणाला. गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर रोज आग लावणारा तोच. "बस बनतेय तरी का, की नुसत्याच थापा?"

"मागे चला, साचे दाखवते. नव्या काचा कापायला घेतल्यात. तारीख मात्र आज देणार नाही, पुन्हा तोंडघशी पडायचं नाहीये मला. ज्यांना थांबायचं नाही, त्यांनी खुशाल नाव कमी करावं. पैसे आजच परत."

कुणी हललं नाही. मग मागून एक उंच म्हातारा वाट काढत पुढे आला. उभी हयात त्याने असलीच बस चालवली होती. नोंदणी सुरू झाली तेव्हा पहिलं नाव त्याचंच लागलं होतं.

"माझं नाव काढा, बाई."

टेबलावरच्या लॅपटॉपवर नोंदणीची यादी उघडी होती. तिची बोटं कीबोर्डवर थबकली.

"बाबा, तुम्ही?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"अरे वा!" चष्मेवाल्याने टाळी वाजवली. "म्हणजे घरचाच माणूस उभा केलाय! नाटक छान बसवलंय."

म्हातारा सावकाश वळला. "सासरा आहे मी हिचा. आणि घरचा आहे म्हणूनच जास्त वैतागलोय. तुम्ही निदान फोन आपटू तरी शकता. मला रोज जेवताना समोर बसून हिचं ऐकावं लागतं, 'बाबा, पुढच्या महिन्यात नक्की!'"

कुणीतरी फिसकन हसलं. तिने ओठ दाबले आणि बटण दाबलं.

"काढलं," ती म्हणाली. आवाज स्वच्छ होता, नजर मात्र तिने पडद्यावरून उचलली नाही.

म्हातारा गेला नाही. त्याने बस उचलून डोळ्यांजवळ नेली, ड्रायव्हरच्या बाजूचं बोटभर दार उघडून पाहिलं, अलगद लावलं.

"आता परत घाल. सगळ्यांच्या शेवटी."

"फार थांबावं लागेल, बाबा."

"थांबेन. पहिली बस आपल्या घरात आली असती, तर ह्यांनी तुला जन्मभर ऐकवलं असतं."

चष्मेवाल्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

"साचे कुठेत म्हणालात?"

तिने मागचं दार ढकललं. लोक एकेक करून आत जाऊ लागले. चष्मेवाला उंबऱ्याशीच रेंगाळला आणि म्हाताऱ्याकडे झुकून हळूच म्हणाला, "काका, ह्या बसचा हॉर्न कसा वाजायचा हो?"

म्हाताऱ्याने घसा खाकरला.