कोरडं अंगण

मनोहरराव जन्मभर एसटीत कंट्रोलर होते. देवळीच्या स्टँडवरच्या खिडकीत बसून त्यांनी अख्ख्या तालुक्याला बस कधी येणार ते सांगितलं, आणि बस कधीही आली तरी शिव्या त्यांनीच खाल्ल्या. दिवसभर माणसं खिडकीत तोंड घालायची, ओरडायची, भांडायची. तेव्हा त्यांना वाटायचं, एकदा रिटायर झालो की महिनाभर कुणाचं तोंड म्हणून बघणार नाही. माणूस काय वाट्टेल ते मागतो! रिटायर होऊन ते सिंदी मेघेतल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात आले, वर्षाच्या आत पत्नी विमलाबाई गेल्या, एकुलती लेक भुसावळला दिलेली. मग खरोखरच महिना महिना त्यांच्या दारात कुणी डोकावेना.

कुणीच नाही म्हणायला एक कोकिळा होती. शेजारचं घर भाजीपाल्याचं शेत करणाऱ्यांचं, तिथली ही सून. विमलाबाईंची तेरवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेणाची बादली घेऊन अंगणात हजर झाली.

"काकाजी, बिनासड्याचं अंगण चांगलं नाई दिसत. लोकाईले वाटते घरात कोणी गेलं."

घरात कोणी गेलंच होतं, पण एवढ्या मायेनं आलेल्या पोरीला ते काय म्हणणार! तेव्हापासून रोज आपलं अंगण आटोपलं की ती यांच्याकडे यायची, सडा टाकायची, रांगोळीच्या चार रेघा ओढायची, आणि तेवढा वेळ तोंडाचा पट्टा चालू ठेवायची. वांग्याला कीड लागली, म्हैस आटली, सासूचा गुडघा धरला. मनोहरराव आत बाजेवर पडल्या पडल्या 'हूं हूं' करायचे. खरं सांगायचं तर अख्ख्या दिवसात त्यांच्याशी कुणी बोलायचं ते एवढंच. त्या बोलण्यावर ते रात्रीपर्यंतची वेळ काढत. पण हे त्यांनी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. कंट्रोलरची ऐट जाते कुठे!

दिवाळी होऊन गेल्यावर एकदा ते हापशीवर पाण्याला गेले. तिथे कोकिळेची सासू पंचफुलाबाई एका बाईला सांगत होती, "माही सून दोन दोन अंगणं सारवून राह्यली, बाई. पोटुशी हाये, तरी वाकते. काऊन करतं म्हटलं, तर म्हणते, सुरू केलं ते सोडू कशी?"

मनोहरराव बादली अर्धीच घेऊन माघारी फिरले. कान तापले होते. पोटुशी बाई आपल्यापायी कमरेत वाकते, हे एक. आणि 'सोडू कशी', हे त्याहून जास्त लागलं. म्हणजे तिलाही ते ओझंच होतं. तिला 'येऊ नको' म्हणावं तर ती ऐकणारी नव्हती. आपण स्वतः सडा टाकावा, तर बाप्या माणूस शेणाची बादली घेऊन अंगणात उतरला हे पाहून वस्ती हसून हसून लोळली असती. मग राहिलं काय? अंगणात मातीच ठेवायची नाही. फरशी घालायची. दगडाला ना सडा, ना सारवण.

मिस्त्री बोलावला असता तर काम चुटकीसरशी झालं असतं. पण मिस्त्रीनं विचारलं असतं, एकट्या जिवाला पक्कं अंगण कशाला? तो प्रश्न मनोहररावांना नको होता. त्या काळी सिमेंट परमिटशिवाय मिळत नव्हतं, म्हणून नुसत्या मुरमावर आणि रेतीवर शहाबादी फरशी बसवायचं त्यांनी ठरवलं. बंडी भरून फरशी आली. शिट्टी आणि पेन याखेरीज ज्या हातांनी काही धरलं नव्हतं, त्यांनी टिकाव धरला.

पहिली ओळ त्यांनी भुसभुशीत मुरमावर तशीच मांडली आणि तिच्यावर उभे राहिले, तर फरशा होडीसारख्या हेलकावे खायला लागल्या. सगळ्या उचलल्या, मुरूम भिजवला, धुमस घेऊन ठोकला. दुसऱ्यांदा ओळ झकास बसली. कौतुकानं त्यांनी तिच्यावर बादलीभर पाणी ओतलं, तर ते रस्त्याकडे जायचं सोडून जावई सासुरवाडीला निघावा तसं थेट उंबऱ्याकडे आलं. ढाळ उलटा! पुन्हा सगळं उचला. एक फरशी हातातून निसटून दुभंगली, अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. तरी हात कामात होते तोवर त्यांना बरं वाटत होतं.

कोकिळा आली, थबकली. "हे काय करून राह्यले, काकाजी?"

"अंगण पक्कं करतो."

"काकूले आवडलं असतं," ती म्हणाली, आणि उरलेल्या मातीवर तिनं सडा टाकला.

असं रोज चाललं. फरशी पुढे सरकत गेली तसा कोकिळेचा सडा आखूड होत गेला, आणि सड्याबरोबर तिचं बोलणंही. सासूच्या गुडघ्यापर्यंत यायची ती म्हशीवरच थांबायला लागली. मनोहररावांना ते कळत होतं, नव्हतं असं नाही. पण घेतलेलं काम अर्धवट टाकणार कसं?

शेवटची फरशी बसली त्याच्या दुसऱ्या सकाळी कोकिळा बादली घेऊन आली आणि हसत सुटली. "आता माय, शेण टाकू कुठी?" मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बरं झालं, काकाजी. मले आता वाकणंच होत नव्हतं. तुमीच एक बादली पाणी ओतत जा, झालं अंगण."

"म्हणून तर केलं," मनोहरराव म्हणाले. पोरगी मोकळी झाली याचा त्यांना खरंच आनंद झाला. तो दुपारपर्यंत टिकला.

पुढे रोज सकाळी बाजेवर पडून ते शेजारच्या अंगणातला खराटा ऐकायचे. खराटा थांबायचा, आणि मग काहीच नसायचं. भाजीची टोपली घेऊन बाजाराला जाताना ती रस्त्यावरून "येतो, काकाजी" म्हणायची, तेवढंच. त्यांना करमेना. आता हे कबूल करायला हरकत नव्हती, कारण ऐकायला कुणीच उरलं नव्हतं.

शेवटी एका सकाळी त्यांनी सब्बल घेतली आणि उंबऱ्यासमोरची फरशी उपटून काढली. खालची माती सारखी केली. वाक्यही तयार ठेवलं: फरशी असली तरी उंबऱ्यासमोर सडा लागतोच की! मग ते दारात उभे राहिले.

कोकिळा आली. डोक्यावर टोपली, पोट चांगलंच दिसायला लागलेलं. एकदा वाकली तर पुन्हा सरळ व्हायला तिला किती वेळ लागेल, हे तिच्या चालीवरूनच कळत होतं.

"काय झालं जी? फरशी काऊन काढली?"

जन्मभर लाऊडस्पीकरवर बोललेल्या माणसाला एक वाक्य काढता येईना. "हालत होती," ते म्हणाले.

"मंग सांगाचं नाई काय! विहिरीवरच्या मोटारघराचं सिमेंट उरलं हाये. आमच्या ह्यायले धाडतो दुपारी."

दुपारी तिचा नवरा चंद्रभान घमेलं घेऊन आलाच. भला माणूस. त्यानं माल कालवला, मनोहररावांनी पाणी घातलं. 'राहू दे, बाबा' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. चंद्रभाननं फरशी ठोकून बसवली, उरलेल्या मालानं दारासमोरच्या सगळ्या सांधी भरल्या, त्या थापीनं गुळगुळीत केल्या आणि हात धुतले.

"आता हत्ती नाचला तरी हालत नाई, काकाजी. फक्त उद्यापरेंत दारात कोणाले पाय ठेवू देऊ नका."

"नाई ठेवत कोणी," मनोहरराव म्हणाले.