नवतपातले स्फटिक

मे अखेरचे नऊ जळते दिवस, नवतपा, सुरू झाले त्या सकाळी मी प्रयोगशाळेतलं कपाट उघडलं, तर माझी हिवाळाभराची मेहनत तेल होऊन बसली होती.

जानेवारीत त्या कुप्यांत पांढऱ्या, बारीक सुया होत्या. मी बनवलेलं संयुग, आजवर कुठे नोंद नसलेलं. रेवा तेव्हा पोटात होती. पोट टेबलाला लागायचं म्हणून मी हात लांब करून काचेची भांडी धरायची. त्रेचाळीस अंशांना वितळतं, असं मोजून शोधनिबंधात लिहूनही पाठवलं होतं. आणि उद्या बाहेरगावचे परीक्षक विभागात येणार होते. माझे मार्गदर्शक, कृष्णकांत सर, त्यांना आधी हेच दाखवणार होते.

भिंतीवरचा पारा काल दुपारीच चव्वेचाळीसवर गेला होता. पुस्तकातल्या खोलीचं तापमान पंचवीस असतं. ती खोली नागपुरात नसते, हे थंडीत कुणाला सुचतं? पण नुसतं वितळलंच आहे ना, म्हटलं, बर्फात ठेवू, परत गोठेल.

कोपऱ्यावरच्या गोळेवाल्याकडून बर्फ आणवला. एक कुपी त्यात रोवली, काचेच्या कांडीने आतून खरवडत बसले. तेल मधासारखं घट्ट झालं. सुई मात्र एकही उठेना.

सर येऊन पाहून गेले. शुद्ध असतं तर एवढ्या थंडीत गोठलं असतं, हे बिघडलेलं आहे, म्हणाले. उद्यापर्यंत दाखवता आलं नाही तर निबंध मागे घेऊ. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमच्यावर सध्या घराचा भार आहे. मी समजू शकतो." ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. हा समजूतदारपणा मला बाहेरच्या दाराकडे नेणारा होता.

बिघडलं नव्हतं, याची मला जवळजवळ खात्री होती. काही द्रवांचं दुधासारखं असतं. दूध कितीही वेळ ठेवा, विरजणाशिवाय दही लागत नाही. तसा ह्या द्रवांना एक तयार स्फटिक लागतो. तो पडला की बाकीचे त्याच्याभोवती जमतात. पण तो आणायचा कुठून? कपाटातल्या झाडून सगळ्या कुप्या वितळलेल्या.

आणि आठवलं. संक्रांतीच्या सुमारास एक कुपी मेणाने बंद करून नवऱ्याला दाखवायला घरी नेली होती. पुढे बाळंतपणाच्या गडबडीत ती कुठे गेली ते गेलंच.

भर दुपारी रामदासपेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत पोचले. माझ्या सासूबाई भागीरथाबाई रेवाची झोळी हलवत होत्या. कुपीचं विचारलं.

"ते काचेची लहानी बाटली? रांजणाखाली हाय न, वाळूत. पोरीच्या औषधापाशी."

कळमेश्वरकडच्या त्यांच्या घरी हीच रीत. जे उन्हाने खराब होईल ते रांजणाखालच्या ओल्या वाळूत रोवायचं. इथेही रेवाची बाळगुटी, ग्राइप वॉटर, सगळं तिथेच.

रेवाचं पोट कालपासून बिघडलेलं होतं.

"आई, ते तिला दिलं नाही ना?"

"काहून? औषध नोहे काय ते?"

 रांजणापाशी बसून वाळू उकरू लागले. ते विषारी आहे की नाही, हे कुठला डॉक्टर सांगणार होता? जगात ते नव्हतंच, मी बनवेपर्यंत. ग्राइप वॉटरची बाटली हाताला लागली, बाळगुटीची डबी लागली, आणि त्यांच्या मागे कुपी. मेणावर नखाचा खोल ओरखडा होता.

"काल उघडून पाहून राहिली होती मी," सासूबाई मागून म्हणाल्या. "निघालंच नाही. मंग म्हटलं, प्रेमलताले इचारल्याबिगर पोरीच्या तोंडात नाही घालत."

मी मेणावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. ओरखडा आरपार गेला नव्हता. बराच वेळ मी फक्त ते मेणच पाहत होते. आत पांढऱ्या सुया तशाच्या तशा उभ्या आहेत, हे मला त्यानंतर दिसलं.

तेवढ्यात रेवा उठली, माझा आवाज ऐकूनच असणार. दुधाने पदर केव्हाचा ओला झाला होता. स्टीलच्या डब्यात ओली वाळू भरली, कुपी तीत रोवली आणि रेवाला पाजायला घेतलं. ती सावकाश पीत होती, मधेच थांबून माझ्याकडे पाहत होती. घाई करवेना. डब्यातली वाळू डोळ्यांदेखत कोरडी पडत होती. सासूबाईंनी वाटीभर पाणी आणून तीवर शिंपडलं.

"तुहं चालू दे वं. मी पाहून राहिली इकडे."

सायकलरिक्षात डबा पदराखाली धरून बसले. लूच्या गरम झळा अंगावर येत होत्या. विभागात शिरले तेव्हा सर हातपाय धुऊन निघायच्या बेतात होते. ते माझ्या मागे येऊन उभे राहिले. नवा बर्फ घातला, मेण कापलं, आणि टाचणीच्या टोकावर एक बारीक सुई उचलून त्या घट्ट तेलात सोडली.

काही झालं नाही. मग ती पडली होती तिथूनच पांढऱ्या रेघा निघाल्या, काचेपर्यंत धावल्या, आणि पाहता पाहता कुपी पांढरी झाली. बर्फातून उचलली तर चक्क कोमट लागली. आत इतका वेळ अडून राहिलेली उष्णता बाहेर पडत होती.

सरांनी कुपी उजेडाकडे धरली. बिघडलेलं नव्हतं, एवढंच म्हणाले. मग घरून आणलेली कुपी माझ्याकडे सरकवली. विभागात फ्रीज नाही, नवतपा संपेपर्यंत ही तुमच्या घरच्या वाळूतच राहू द्या, सोयीचं पडेल.

"घरी नाही, सर."

एवढ्या वर्षांत त्यांना मी प्रथमच नाही म्हणत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. वाळूचा डबाही मी परत घरी नेणार नव्हते. शेवटी त्यांनी विभागाच्या शिपायाला, धोंडबाला, पाठवून कुंभाराकडून एक माठ आणवला. ज्यातलं पाणी कुणी पिणार नाही असा तो माठ त्यांच्याच खोलीच्या कोपऱ्यात वाळूवर ठेवला, आणि कुपी त्याखाली गेली.

संध्याकाळी घरी येऊन कोपरापर्यंत हात साबणाने घासले. रेवा झोपली होती. आधी रांजणाखालची वाळू पुन्हा एकदा सगळी चाळून पाहिली, आणि मगच तिच्या पोटावर हात ठेवला.