गव्हाणीची खाच

सुताराने शेवटची फळी ठोकली, गव्हाण बाकावर उलटीसुलटी करून पाहिली आणि कडेवरून अंगठा फिरवला. अंगठा आत अडकला. चारही बाजूंनी बोटभर रुंदीची खाच, अगदी एकसारखी.

"हात्तिच्या!" म्हणत तो मटकन खाली बसला.

अशी खाच मेलेल्या माणसाच्या पेटीला असते. झाकण तिच्यात बसतं. चर्चच्या मंडळीत सुतार हा एकटाच. पाळणाही त्याच्या हातचा आणि पेटीही. जगात येताना आणि जाताना हाच गाठतो, अशी लोक त्याची थट्टा करत. उन्हाळ्यात त्याचा एकुलता एक मुलगा तापाने गेला आणि थट्टा बंद झाली. ती लहानशी पेटी त्याने कुणाला हात न लावू देता केली. खिळेही स्वतःच ठोकले. त्यानंतर तो चर्चची पायरी चढला नाही. स्वर्गात मुलाची पुन्हा भेट होईल असं कुणी म्हटलं, की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जाई. नाताळच्या देखाव्यात बाळ येशूला ठेवायची चर्चची जुनी गव्हाण वाळवीने खाल्ली, तेव्हा पाळकसाहेब दबकतच आले होते.

"लाकूडकाम आहे, करून देतो," तो म्हणाला होता. "नाताळला मात्र बोलावू नका."

आणि उद्यावर नाताळ आला असताना हातांनी हा घोळ घातला होता.

बायको चहा घेऊन आली. तिने खाच पाहिली, मग त्याच्याकडे पाहिलं.

"पट्टी बसवून बुजवतो," तो घाईघाईने म्हणाला. "कळणारही नाही कुणाला."

"नका बुजवू."

"वेडी का तू? बाळाच्या गव्हाणीला पेटीची खाच! लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत." ती खाचेवरचा भुसा पदराने पुसू लागली. "ह्या बाळालाही शेवटी कबरेतच ठेवलं ना? कबरेच्या तोंडाशी एवढी मोठी धोंड लोटली. राहिली का ती तिथे? तिसऱ्या दिवशी उठलाच ना येशू!"

"आपल्याचे खिळे मी ठोकलेत," तो म्हणाला. "ते किती पक्के बसलेत, मला विचार."

त्यावर तिला रडू आवरेना.

"मी तरी कुठे काही पाहून आलेय? रोज सकाळी उठवत नाही मला. पण आपलं पोर भेटणारच नाही म्हटलं, तर मग उठूच कशाला? त्या एवढ्याच आशेवर चूल पेटवते मी."

इतके महिने ती रोज चूल पेटवत होती, आणि कशाच्या बळावर, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली. चहा निवून गेला. त्याने पट्टीसाठी काढलेला तुकडा उचलून ढिगात टाकला आणि उठला.

"धर त्या टोकाला."

दोघांनी गव्हाण उचलली. ती घेऊन दोघं चर्चकडे निघाली. चर्चच्या दाराशी बायको थांबली. तो इथूनच मागे फिरणार, हे धरून तिने आपलं टोक पायरीवर टेकवलं.

"थांबलीस का?" तो म्हणाला. "आत घे."