बरणीतली ठमी

कारखान्यात तिला सगळे कुकरबाई म्हणत. ती ज्या यंत्रावर काम करी त्याचं खरं नाव ऑटोक्लेव्ह. माणूस उभा मावेल एवढी पोलादी पेटी, आत वाफ, आणि दार लावलं की चाक फिरवून आवळायचं. पण गेटवरच्या वॉचमनच्या जिभेवर ते नाव काही बसेना.

"काय कुकरबाई, आज किती शिट्ट्या?" तो विचारी.

"तू आत बस, मग मोजून सांगते," ती म्हणे.

तिचं काम मारायचं. कारखान्यात मोठाल्या टाक्यांमध्ये यीस्ट वाढवत. पाव फुगवणारी यीस्ट, तीच. पण हिच्या पोटात शास्त्रज्ञांनी माणसाचं जनुक घातलेलं असे. जनुक म्हणजे काय हे तिनं आपल्यापुरतं समजून घेतलं होतं. स्वेटर विणायचा नमुना असतो ना, तसा प्रथिन विणायचा नमुना. नमुना पोटात गेला की यीस्ट बिचारी निमूट विणत बसते. मग ते प्रथिन गाळून, शुद्ध करून त्याचं औषध होतं. टाकीचं काम संपलं की उरलेला गाळ, नळ्या, बाटल्या, हातमोजे, सगळं कुकरबाईकडे येई. या भिंतींच्या आत जे वाढलं ते जिवंत बाहेर जायचं नाही, असा तिथला नियम होता. गटारातसुद्धा नाही. वाफेतून निघालेल्याचाही एक थेंब यीस्टचं खाणं घातलेल्या काचेच्या बशीत टाकून ठेवत. बशीत काही उगवलं नाही, तरच तो माल मेला असं धरत.

टाक्यांतल्या एका यीस्टशी मात्र तिचं नातं होतं. त्या यीस्टच्या पोटातला नमुना ठमीचा होता.

ठमी म्हणजे तिची एकुलती एक लेक. लहानपणी गोल गरगरीत होती म्हणून ठमी. पुढे वाळून काडी झाली तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. इस्पितळात नर्स होती. तापाची मोठी साथ आली तेव्हा तिच्या वॉर्डात माणसं पटापट गेली. ठमीही झोपली, पण उठली. कारखान्याला तेव्हा तापातून उठलेल्यांचं रक्त हवं होतं. आईनंच तिला सांगितलं, "दे की गं बाटलीभर, आमच्याकडे मागताहेत." ठमी म्हणाली, "आई, तुझा कारखाना काय ढेकूण आहे का?" आणि हसत हसत देऊन आली. तिच्या रक्तात एक प्रथिन सापडलं, तापाच्या जंतूची मानगूट धरणारं. त्याचा नमुना उतरवून घेऊन यीस्टमध्ये घातला. पुढे कितीतरी घरची माणसं त्या औषधावर उठून बसली.

ठमी मात्र राहिली नाही. तापानं जाता जाता तिचं काळीज पोखरलं होतं. एका सकाळी कामावर निघाली आणि दाराशी बूट घालता घालता बसली, ती बसलीच.

ठमीचा बाप बेकरीवाला. भट्टीवरून हाक मारली तर चौथ्या घरी ऐकू जाई असा गडी. त्यानं भट्टी विझवली, दुकान दुसऱ्याला देऊन टाकलं आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसला. बोलणं असं उरलंच नाही.

"जेवता का?"

"हं."

"भात घालू अजून?"

"नको."

एवढ्यावर दिवस सरे. दोघांनी रडून घेतलं असतं तर बरं झालं असतं, पण त्याचं रडूही भट्टीबरोबर विझलं होतं. भिंतीशी बोलावं तर निदान प्रतिध्वनी तरी येतो, असं तिला वाटे.

कारखान्यात मात्र ती रोज लेकीच्या टाकीवरून जाई आणि येता-जाता पोलादावर हात ठेवी. टाकी कोमट असे. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

मग एक दिवस मॅडम तिच्या खोलीत आल्या. मॅडम म्हणजे त्या विभागाच्या शास्त्रज्ञ. वयानं ठमीच्या बरोबरीच्या, तिला मावशी म्हणत.

"मावशी, जरा बसा."

"उभीच बरी आहे. बोला."

"आपण आता नवं प्रथिन काढलंय. संगणकावर आखलेलं. जुन्यापेक्षा पुष्कळ जोरदार आहे. तर ती जुनी यीस्ट आता बंद."

"बंद म्हणजे?"

"टाकी रिकामी करायची. गोठवून ठेवलेल्या नळ्याही नष्ट करायच्या. नव्या औषधाचा करारच तसा आहे." मॅडम चष्मा पुसू लागल्या. "तुम्हाला नको असेल तर ते काम मी दुसऱ्या कुणाला देते."

"दुसरं कोण करणार? कुकरबाई मीच ना?"

मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मावशी, नमुन्याची सगळी अक्षरं आपल्याकडे संगणकात आहेत. काही हरवत नाही."

"फोटो माझ्याकडेही आहे, मॅडम," ती म्हणाली.

नळ्यांचा ट्रे आला तेव्हा त्यातून गार धूर निघत होता. चिमटीत मावतील एवढ्या नळ्या. तिनं त्या पेटीत मांडल्या, आणि मांडता मांडता एक नळी चहाच्या थर्मासमध्ये सोडली. थर्मासात सकाळपासून चहा नव्हता, बर्फ होता. म्हणजे हे अचानक झालं असं म्हणायला तिला जागा नव्हती. दार लावलं, चाक आवळलं, वाफ सोडली. आयुष्यात ज्या एका नियमाला ती देव मानत आली, तो तिनं त्या दिवशी मोडला.

"काय कुकरबाई, आज किती शिट्ट्या?" वॉचमननं विचारलं.

ती थर्मास छातीशी धरून गेटबाहेर पडली. वॉचमन बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला.

घरी तिनं नळी नवऱ्याच्या पुढ्यात ठेवली.

"हे काय?"

"ठमीची यीस्ट. शेवटची. तिचा नमुना आहे हिच्यात. मला जगवता येणार नाही, मला फक्त मारता येतं. तुम्हाला येईल."

त्यानं नळी उजेडाकडे धरून पाहिली. मग उठला. किती महिन्यांनी तो असा आपणहून उठत होता! काचेची बरणी उकळून घेतली, पाणी कोमट केलं, मनगटावर थेंब टाकून पाहिला, साखर विरघळवली, चमचाभर पीठ घातलं.

"कारखान्यात काय देतात हिला?" त्यानं विचारलं.

"मोजूनमापून कसलंसं पाणी देतात. मला नाही ठाऊक."

"मोजूनमापून?" त्याच्या नाकपुड्या फुगल्या. "यीस्टला कुणी मोजून घालतं का? अगं, जन्म गेला माझा यीस्टमध्ये! पोटभर खाल्लं तर फुगेल, नाहीतर काय डोंबल फुगेल?"

तिला इतका आनंद झाला, की तो ओरडतोय हेही तिला गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी बरणीत बुडबुडे आले. त्यानं तिला हाताला धरून दाखवायला नेलं. तेव्हापासून घरात माणसाचा आवाज फिरू लागला. सकाळी उठून तो बरणीपाशी जाई. "काय ठमाबाई, झोप झाली का? भूक लागली? बापाकडे काही कमी नाही, खा." भट्टीच्या गोष्टी सांगे, जळलेल्या पावांच्या, पीठ चोरणाऱ्या उंदराच्या, ठमी पिठाच्या परातीत जाऊन बसली होती त्याच्या. बायकोशी अजूनही "हं" आणि "नको"च होतं. पण ती स्वयंपाकघरात कान देऊन भाजी चिरत बसे. तिला तेवढंही पुरे होतं.

सुरुवातीला बरणी संथ होती. हळूहळू तिला जोम आला. तो खूश. "बघितलंस? आधी कशी मरगळलेली होती, आता झाकण उडवते! शेवटी बापाचा हात आहे."

एक दिवस त्यानं आपण होऊन म्हटलं, "अगं, थोडी त्या तुझ्या मॅडमकडे ने. बघू दे तिला. ठमी कशी आहे ते सांगेल."

"बरी दिसतेय की."

"दिसतेय. पण आतलं त्यांनाच कळणार ना? डॉक्टरला दाखवतो तसं."

आता ते नेणं म्हणजे चोरी कबूल करणं. नोकरी जाणार, कदाचित त्याहून वाईट. पण तो कोट घालून दारापर्यंत सोडायला आला होता. त्या दाराशी ठमी गेल्यापासून त्यानं पाऊल ठेवलं नव्हतं. ती नाही म्हणू शकली नाही.

मॅडमनी ऐकलं आणि त्या खुर्चीतून उठल्याच.

"मावशी! तुम्ही? तुम्ही तर आम्हाला हातमोजा कचऱ्यात पडला तरी ओरडता!"

"हो."

"घरात? पिठात? अहो, उद्या कुणाला कळलं तर माझीही नोकरी जाईल."

"तुम्ही म्हणाल ती शिक्षा. पण आधी बघून सांगा. त्यांना सांगायचंय."

"कुणाला?"

"ठमीच्या बापाला."

मॅडम खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मग त्यांनी दोन बशा काढल्या. थेंब दोन्ही बशांत पसरला. "एकीत सगळं खाणं आहे," त्या म्हणाल्या, "दुसरीत एक वस्तू मुद्दाम ठेवलेली नाही. परवा बघू."

तिसऱ्या दिवशी कुकरबाईनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. एका बशीत पांढरे ठिपके दाटून आले होते, साय धरावी तसे. दुसरी बशी स्वच्छ. अशी स्वच्छ बशी म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. जन्मभर तिनं अशाच बशा बघून खाली सही केली होती.

"मेली?"

"यीस्ट जिवंत आहे, मावशी. नमुना गेला." मॅडम तिच्याशेजारी बसल्या. "असं बघा. ठमीचा नमुना सांभाळणं म्हणजे त्या पेशीला ओझं. फुकट कोण वाहील? म्हणून आम्ही त्याच्याशी एक सोय बांधून ठेवतो. खाण्यात एक वस्तू देतच नाही. जिच्यापाशी नमुना असेल तिलाच ती वस्तू स्वतः करता येते. ज्या पेशीनं ओझं टाकलं ती उपाशी मरते. म्हणून आपल्या टाकीत नमुना टिकतो."

"आणि पोटभर घातलं तर?"

"तर ओझं टाकलेल्या पेशी हलक्या होतात. भराभर वाढतात. ओझं वाहणाऱ्या मागे पडतात, आणि शेवटी उरतच नाहीत." मॅडमनी तिच्या हातावर हात ठेवला. "हे मी पाहिलंच नाही असं समजा, मावशी. पण घरची बरणी मारून टाका. नक्की."

वाटेनं तिनं खोटं पाठ केलं. ठणठणीत आहे म्हणाल्या, असं म्हणायचं. शब्द जिभेवर तयार ठेवून ती जिना चढली.

तो दारातच उभा होता. आजही कोट घातलेला.

"काय म्हणाली?"

ती त्याच्या मागे पाहत होती. बरणी नुकतीच भरलेली होती, ताजं पीठ, ताजी साखर, फेस काठाला लागलेला. ते पाहून पाठ केलेलं खोटं तिच्यानं बोलवेना. उद्या तो पुन्हा साखर घालील, पुन्हा हाक मारील, आणि आपण भाजी चिरत ते ऐकायचं? कुणाला मारलेली हाक?

"ठमी नाही त्यात," ती म्हणाली.

"नाही कशी? बघ ना कशी फुगलीय!"

"म्हणूनच फुगलीय."

मग मॅडमनी सांगितलं तसं तिनं सांगितलं. तो ऐकत होता. बेकरीवाला होता, यीस्टचं बोलणं त्याला दोनदा सांगावं लागलं नाही.

"म्हणजे मी तिला उपाशी ठेवायला हवं होतं," तो म्हणाला.

"थोडं. एका वस्तूपुरतं."

"ते आधी कळलं असतं तरी माझ्याच्यानं झालं नसतं गं. तापातून उठली तेव्हा कशी हाडं दिसत होती तिची. तिला मी उपाशी ठेवीन?"

"नाही. माहीत आहे मला."

तो खुर्चीत बसला. बरणीकडे बघत म्हणाला, "मग इतके दिवस मी कुणाशी बोलत होतो?"

"मी होते ना घरात," ती म्हणाली. "मी सगळं ऐकत होते. उंदराचं सुद्धा." तिनं स्टूल ओढलं आणि त्याच्या समोर बसली. "आता माझ्याशी बोला."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. बरणीशी तो तासन् तास बोलला होता. पण समोरचं माणूसही त्याच दुःखात गळ्यापर्यंत बुडालेलं असलं, की कुठून सुरुवात करायची हे त्याला सुचेना. ती वाट पाहत बसली. ओट्यावर फेस काठावरून उतरून भिंतीकडे सरकत होता.

"तिचं काय करायचं?" शेवटी त्यानं बरणीकडे मान हलवून विचारलं.

"मारावी लागेल. उकळून."

"तू करशील?"

"करीन की. माझं कामच ते."

"मग आज नको," तो म्हणाला. "आज तिला खायला घातलंय मी."

ती बरं म्हणाली. दोघं तिथंच बसून राहिली.