आचलचं काम

"आज गुरुजीनं काय शिकवलं?" गुणाबाईनं विचारलं.

तिची पोरगी आचल चुलीजवळ जेवायला बसली होती. बसल्यापासून दोनदा उठून बकरीला हात लावून आली होती.

"मले शाबास म्हनलं," ती म्हणाली.

"थे कालबी म्हनलं. शिकवलं काय?"

पोरगी तिसऱ्यांदा उठली. गुणाबाईनं तिला हाताला धरून खाली बसवलं आणि तिचा तळवा उलटून पाहिला. तळवा लाल झाला होता, बोटं पाण्यात राहून सुरकुतली होती. गुणाबाईचा जन्म तलावातल्या मासोळ्या धरण्यात गेला होता. अशी बोटं तिच्या घरात रोजची होती, पण सात वर्षांच्या पोरीला शाळेत कशानं यावीत?

आणि एवढ्यात शाळेतून तक्रार कशी नाही, हीच गोष्ट तिच्या मनात सलत होती. पहिलीपासून तक्रारीवाचून एक दिवस गेला नव्हता. आचल एका जागी बसत नाही, प्रश्न संपायच्या आधी उत्तर ओरडते, दुसऱ्यांच्या पेन्सिली ओढते, खिडकीतून उडी मारून पळते. हरिदास गुरुजींनी तर सांगूनच टाकलं होतं, पोरगी मतिमंद आहे, चंद्रपूरला तसल्या पोरांची शाळा असते तिथं टाका. बाया म्हणाल्या, बाहेरचं लागलं. नवरा हेमराज तिला पुजाऱ्याकडे घेऊन गेला. पुजाऱ्यानं बांधलेला काळा दोरा पोरीनं संध्याकाळपर्यंत कुठंतरी पाडला. गुणाबाईला यातलं काहीच पटलं नाही. बापानं मागच्या महिन्यात जाळं कुठं लावलं होतं ते बोट दाखवून सांगणारी पोरगी मतिमंद कशी?

म्हणून ती आचलला एसटीत बसवून चंद्रपूरच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई पोरीशी बराच वेळ खेळत बसल्या. मग म्हणाल्या, "बुद्धी चांगली आहे हिची. लक्ष टिकत नाही, अंग स्वस्थ राहत नाही. ही खोडी नाही, दुखणं आहे. हिला पुढं बसवायला सांगा, मध्ये मध्ये उठू द्या, छोटी छोटी कामं द्या. काम झालं की शाबासकी द्या."

सुई नाही, गोळी नाही, नुसतं बोलणं. गुणाबाईला डॉक्टरणीचाही संशय आला. तरी तालुक्याच्या पोंभुर्ण्यापर्यंत बसमध्ये ती तेच शब्द घोकत आली आणि दुसऱ्या दिवशी गुरुजींना तसेच्या तसे सांगितले. गुरुजी लगेच म्हणाले, "ठीक हाय बाई, देतो कामं."

एवढ्या लवकर कबूल होणारा माणूस तिनं बाजारातही पाहिला नव्हता.

सकाळी तिनं बाजारात न्यायची मासोळ्यांची टोपली जाऊ कमलाच्या डोक्यावर दिली आणि शाळेमागच्या बेशरमाच्या झुडपाआड जाऊन उभी राहिली. प्रार्थना झाली. पोरं आत गेली. आचल मात्र बादली घेऊन हातपंपावर आली. अर्धी अर्धी बादली नेऊन तिनं ड्रम भरला. मग व्हरांडा झाडला, मग गुरुजींचा चहाचा कप धुतला. गुरुजी दारातून डोकावायचे, "शाबास आचल" म्हणायचे आणि आत जायचे. आत पाढे चालले होते. पंपाचा दांडा दाबता दाबता आचल आतल्या पोरांच्या वर आवाज काढून पाढा म्हणत होती.

गुणाबाईच्या तोंडात शिवी आली होती. ती गिळून ती वर्गाच्या दारात गेली.

"गुरुजी, माही पोरगी कितवीत हाय जी?"

"दुसरीत."

"मंग दुसरी हातपंपावर भरते का?"

पोरं हसली. गुरुजी बाहेर आले. "तुमच्या डॉक्टरणीनंच सांगतलं ना, कामं द्या म्हनून? पोरगी खुश हाय."

"काम म्हंजे वर्गातलं, जी. पुस्तकं वाटनं, फळा पुसनं. अन् वापस येऊन बसनं. तुमी तं तिले बाहेरच काढलं."

"तुमाले वाटते मी मुद्दाम करून राह्यलो." गुरुजींचा आवाज खाली आला. "चार वर्ग, मी एकटा. थे आत असली का कोनीच शिकत नाई. तपासनीले साहेब आले का मलेच विचारतीन."

गुणाबाईनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. माणूस खोटं बोलत नव्हता. पण सगळं खरंही बोलत नव्हता.

"मंग मी बसीन तिच्याजवळ."

"वर्गात मायबाप बसत नसतेत, बाई."

"पोरंबी पंपावर बसत नसतेत, जी."

त्या दिवसापासून ती वर्गात बसू लागली. पोरगी उठली की गुणाबाई हलकेच तिचा फ्रॉक ओढायची, पाटीवर बोट ठेवायची. ही बाई पोंभुर्ण्याला जाऊन साहेबाजवळ तक्रार करणार असं गुरुजींना वाटे, म्हणून ते दर वाक्याला तिच्याकडे बघत. आपण उठलो की पोरीच्या हातात पुन्हा बादली येणार, असं गुणाबाईला वाटे. ती पाणी प्यायलाही उठत नसे.

एकदा कमला बाजारातून आली ती हिरमुसून. "तुई जागा गेली, गुणा. चिमूरकडची एक बाई येऊन बसली. उठत नाई म्हनते."

गुणाबाईनं ऐकून घेतलं. त्या जागेवर तिची सासू बसायची, मग ती बसली होती.

"अशी किती दिवस बसशीन?" हेमराजनं विचारलं.

"थे बसतवरी."

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्यावरची गोष्ट. फळ्यावर वजाबाकी चालली होती. मध्येच आचल उठली आणि दारात जाऊन उभी राहिली. गुणाबाईचा हात फ्रॉककडे जाता जाता थांबला. गुरुजींचा खडूही थांबला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाहेर एक म्हैस चालली होती. ती दिसेनाशी होईपर्यंत पोरगी दारात उभी राहिली. मग आपल्याआप वळली, पुढच्या रांगेत येऊन बसली आणि म्हणाली, "गुरुजी, हातचा घेतला नाई तुमी."

गुरुजींनी फळ्याकडे पाहिलं, हातचा घेतला. शाळा सुटताना ते गुणाबाईकडे न बघता म्हणाले, "बाई, उद्यापासून थोडं मांगं बसत जा. तिले बसू द्या एकटीले."

यात गुरुजींचा काय डाव असेल, याचा विचार गुणाबाई घरी जाईपर्यंत करत राहिली. दुसऱ्या दिवशी मात्र ती मागं सरकली आणि भिंतीला पाठ टेकून बसली. गुरुजींवरची नजर तिनं तेवढी काढली नाही.