कापलेलं ‘समजा’

सुलक्षणाबाईंना वर्गात एक सवय होती. चुकीची समजूत खोडायची असली की आधी ती नीट मांडायची, ऐकणाऱ्याला पटेल इतकी नीट. मग एकेक आकडा देऊन तिच्या पायाचे दगड काढून घ्यायचे. मांडवगण फराट्याच्या कॉलेजात बावीस वर्षं त्यांनी रसायनशास्त्र असंच शिकवलं. ‘समजा’ म्हणून त्या खडू उचलत, आणि पुढच्या बाकावरची मुलं ओळखत की आता बाई जे बोलणार ते पाच मिनिटांत खोटं ठरणार.

कॅमेऱ्याला ही सवय ठाऊक नव्हती.

राहूच्या अलीकडे, उसाच्या पट्ट्यात आण्णामहाराजांचा मठ आहे. आण्णांना जाऊन सहा वर्षं झाली होती. पुण्यतिथीच्या दिवशी भर दुपारी, कनाती सोडून अंधार केलेल्या मंडपात त्यांच्यावरचा माहितीपट दाखवायला घेतला. सुलक्षणाबाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. पडद्यावर भीमेचं पात्र आलं, आण्णांच्या पादुका आल्या, आणि मग विहिरीच्या कठड्याजवळ निळ्या साडीत त्या स्वतः.

“महाराजांनी भीमेचं तांब्याभर पाणी ओतलं, आणि मचूळ विहीर गोड झाली,” पडद्यावरच्या सुलक्षणाबाई म्हणाल्या. मागून बासरी वाजली. खाली ठळक अक्षरांत आलं: प्रा. सुलक्षणा ढमढेरे, एम.एस्सी., रसायनशास्त्र. मंडपात टाळ्या पडल्या. पुढच्याच दृश्यात एक आई मांडीवरच्या तान्ह्याला चमच्यानं तेच पाणी पाजत होती.

 सुलक्षणाबाईंचं वाक्य असं नव्हतंच. त्या म्हणाल्या होत्या, “समजा, महाराजांनी तांब्याभर पाणी ओतलं आणि विहीर गोड झाली. मग पुढचे चौदा महिने ते पाण्याची बाटली पिशवीत घालून एस.टी.नं माझ्याकडे कशाला येत होते?” आणि तिथून पुढे त्यांनी सगळं सांगितलं होतं. विहिरीला लागून गोठा होता, उकिरडा होता. आण्णांनी दोन्ही हलवले, तीनदा विहीर उपसून घेतली, गाळात स्वतः उतरले. दर महिन्याला येऊन विचारायचे, “बाई, आकडा किती?” पाण्यातलं नायट्रेट एकशेवीसवरून अडतीसवर आलं, तेव्हा कुठं त्यांनी पहिला पेला तोंडाला लावला. कुणी म्हणालं, आण्णा, तुम्ही एवढे सिद्धपुरुष, तुम्हाला तपासणी कशाला? तर म्हणाले, “देव मोजता येत न्हाई, म्हणून पानीबी मोजायचं न्हाई व्हय?” या एका वाक्यासाठी सुलक्षणाबाई त्यांच्या पायाशी बसल्या होत्या. चित्रपटात ते वाक्य नव्हतं.

दिवे लागताच त्या दिग्दर्शकापाशी गेल्या. स्वराज मूळचा वरवंडचा, आता पुण्यात असतो.

“स्वराज, माझं वाक्य ‘समजा’नं सुरू होत होतं.”

“हो मॅडम, पण ‘समजा’वरून नेमका उसाचा ट्रॅक्टर गेला. गाण्यासकट. आवाज खराब झाला, म्हणून पुढून घेतलं.”

“आणि नंतरची पस्तीस मिनिटं? तीही ट्रॅक्टरखालीच गेली?”

“फिल्मच चाळीस मिनिटांची आहे, मॅडम,” तो हसून म्हणाला. “नायट्रेटनं कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही हो.”

ट्रस्टचे अध्यक्ष साहेबराव शाल सावरत आले. सुलक्षणाबाईंनी त्यांनाही सांगितलं, तर त्यांनी हात उडवला. “मॅडम, समजा म्हणलं काय आन् न्हाई म्हणलं काय, समजायचं त्याला समजतं. आण्णांनी तुम्हाला लेक मानलं. आता लेकच बापाचा चमत्कार पुसाया निघाली व्हय?”

हे त्यांना लागलं. पण त्या भांडायला नव्हत्या आल्या.

“साहेबरावआबा, मी मागच्या महिन्यात पत्र दिलंय. आकडा पुन्हा ब्याण्णववर गेलाय. पंचेचाळीसच्या वर नको. तुमच्या नव्या भक्तनिवासाला वीस संडास आहेत, आणि शोषखड्डा विहिरीपासून चाळीस फुटांवर.”

“पत्र फाईलला हाय. मीटिंगमधी घिऊ. उत्सव तर हू द्या.”

“मोठ्यांचं एक वेळ चालेल. तान्ह्या बाळांना या पाण्यानं धोका आहे. रक्त प्राणवायू धरत नाही, अंग निळं पडतं.”

“काय अभद्र बोलता पुण्यतिथीला!”

तेवढ्यात सुलक्षणाबाईंचा फोन वाजला. दौंडहून सुफिया बोलत होती. त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता मुलांच्या एका दवाखान्यात नर्स.

“मॅडम, तुमचा व्हिडिओ आलाय सगळ्यांच्या फोनवर. खरं आहे का ते?”

“कसला व्हिडिओ?”

“ती झलक हो. तांब्याभर पाण्याची. इथं एक बाई आलीय, बाळाची दूधपावडर मठाच्या पाण्यात कालवते. मी नको म्हणाले, तर तिनं तुम्हालाच माझ्यासमोर धरलं. म्हणते, एवढी शिकलेली बाई सांगतीय.”

“मग तू काय म्हणालीस?”

“मी काय म्हणणार? पुरावा बघून बोला, हे तुम्हीच शिकवलंत. आणि पुरावा म्हणून तुम्हीच समोर.”

सुलक्षणाबाईंनी तिला थोडक्यात सगळं सांगितलं, त्या बाईला फोन द्यायला लावला, तिलाही सांगितलं. मग त्या स्वराजकडे वळल्या. “माझा तुकडा काढून टाक. आत्ता.”

“झलक शुक्रवारीच गेली, मॅडम. चाळीस हजार लोकांनी पाहिली. मी काय काय काढू?” त्यालाही आता जरा अवघडल्यासारखं झालं. “हवं तर शेवटी एक ओळ टाकतो, पाणी उकळून प्या.”

“उकळल्यानं नायट्रेट जात नाही रे! पाणी आटतं आणि ते वाढतं!”

त्यांचा आवाज इतका चढलेला कुणी ऐकला नव्हता. चपला घालणारे दोघेतिघे थांबून बघू लागले. सुलक्षणाबाई तशाच मंडपाबाहेर पडल्या आणि विहिरीकडे निघाल्या.

विहिरीच्या नळाला रांग होती. कॅन, बाटल्या, कळशा. पुढे वरवंडच्या सरूबाई, आणि त्यांच्यामागे सून सायली, कडेवर तीन-चार महिन्यांचं मूल.

“अगं बया! ह्याच त्या पिक्चरमधल्या बाई!” सरूबाईंनी हात जोडले.

“मावशी, बाळ अंगावर पितं का?”

“न्हाई हो, पावडर. म्हणून तर तीर्थ न्यायला आलोय.”

“हे पाणी बाळाला देऊ नका. यात नायट्रेट आहे.”

“काय हाय?”

सुलक्षणाबाईंनी समजावलं. मर्यादा सांगितली, आकडा सांगितला. सरूबाई ऐकत राहिल्या, पण पालथ्या घड्यावर पाणी. मग त्यांनी कमरेवर हात ठेवले.

“पिक्चरमधी तर येगळंच बोलला. तवा खोटं बोलला का आत्ता बोलताय?”

“तेव्हा मी पूर्ण बोलले होते. यांनी अर्धं दाखवलं.”

“मग आण्णांच्या पान्यात दोष हाय म्हणता?”

सुलक्षणाबाई थकल्या होत्या. त्यांनी भक्तनिवासाकडे बोट केलं. “आण्णांच्या पाण्यात नाही. त्या वीस संडासांचं झिरपून इथं येतं, मावशी.”

सरूबाईंनी इमारतीकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं. “आँ? म्हंजी हगण्याचं पानी?”

ते शास्त्राला धरून नव्हतं. वर्गात असं कुणी बोललं असतं तर बाईंनी तिथंच दुरुस्त केलं असतं. “तसंच म्हणा,” त्या म्हणाल्या.

सायलीनं बाळाच्या दुधाची बाटली उलटी करून ओतून टाकली. “मग पावडर कशात कालवू, मॅडम?”

“आर.ओ.च्या पाण्यात. आणि आत्तापर्यंत हे दिलं असेल, तर आज जाताना डॉक्टरांना दाखवा.”

सरूबाईंनी मात्र आपला कॅन भरून घेतलाच. “मला काय हुतंय आता. मी पिईन. आण्णांचं हाय ते.” पण कॅन त्यांनी सुनेच्या हातात दिला नाही, स्वतःच उचलला.

मंडपातून कर्णा बोलू लागला. “प्राध्यापक सुलक्षणा ढमढेरे यांनी सत्कारासाठी ताबडतोब मंचावर यावं. शाल-श्रीफळ तयार आहे.”

रांगेतल्या लोकांनी माना वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मागच्या एकानं सेल्फीसाठी फोन वर केला. पुण्यतिथीची जादा एस.टी. नुकतीच लागली होती. तिच्यातून बायका उतरत होत्या, दोघींच्या कडेवर लेकरं होती.

कर्ण्यानं पुन्हा नाव पुकारलं. सुलक्षणाबाई नळापुढेच उभ्या राहिल्या.

“तुमचं बाळ किती महिन्यांचं?” त्यांनी पहिलीला विचारलं.