बाबांच्या काठीचा ठोका

मठातल्या बाबांची काठी गाडीच्या बॉनेटखाली गेली, आत ठण्णकन ठोका पडला. "आता फिरव चावी, माई!" बाबा गरजले. आईने चावी फिरवली आणि सकाळपासून नुसतं टक् करून गप्प बसणारी गाडी झटक्यात सुरू झाली. गल्लीतल्या गर्दीने हात जोडले. शेजारच्या काकांनी तर डोळेच पुसले.

"पाहिलंत? झाकण उघडून वाट मोकळी केली की माईचे गेलेले मालक माझं ऐकतात! जीव अडकलाय त्यांचा गाडीत. लेकीने चालवलेली त्यांना खपत नाही. गाडी माझ्या दारात आणून ठेवा, मग सुटतील बिचारे."

गंमत बघा, सुटायचं गेलेल्या माणसाने आणि गाडी मिळायची बाबांना!

थोरली लेक दारातून सगळं ऐकत होती. ती नर्स. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटच्या घरी जाऊन जखमा धुवायची, पट्ट्या बदलायची, ते याच गाडीच्या जिवावर. वडील गेल्यापासून घर तिच्याच कमाईवर चालत होतं. आणि आईने तर संध्याकाळी किल्ली द्यायचं कबूलही करून टाकलं होतं.

"त्यांचा जीव तळमळतोय गं," आई म्हणाली. "माझ्या घशाखाली घास कसा उतरेल?"

थोरलीला रडू येत होतं आणि बाबांच्या कानाखाली एक वाजवावीशीही वाटत होती. पण पेशंट रोज एकाच जागी दुखतं म्हणाला की ती जागा नीट तपासायची, ही तिची सवय. आठवडाभर गाडी अडली की बाबा यायचे, आणि त्यांची काठीही प्रत्येक वेळी एकाच जागी पडायची. गर्दी पांगल्यावर तिने बॉनेटखाली टॉर्च मारला. इंजिनला पहिला फेरा देणाऱ्या स्टार्टरच्या पाठीवर मुठीएवढी लोखंडी डबी होती, सोलेनॉइड. सगळी डबी धुळीने माखलेली, फक्त एका जागी काठीच्या टोकाने घासून चकचकीत झालेली.

"अस्सं होय!" म्हणत ती सुट्या भागांच्या दुकानाकडे निघाली.

संध्याकाळी बाबा गाडी न्यायला आले, मागोमाग गल्लीही. आई किल्ली घेऊन गाडीत बसली. तिने फिरवून पाहिली. टक्.

"बाबा, या वेळी काठी जरा डावीकडे मारा," थोरली म्हणाली. "आमचे वडील एका कोपऱ्यात बसून राहणारे नव्हते."

लोक हसले. नाही म्हणायची सोय राहिली नाही. बाबांनी डावीकडे ठोका दिला. पुन्हा टक्.

"रुसलेत मालक!" बाबा म्हणाले.

"थांबा, मी समजूत काढते." थोरलीने घरातून लाटणं आणलं आणि त्या डबीवर हाणलं. "फिरव, आई." गाडी सुरू! "घ्या, माझ्या लाटण्यालाही सिद्धी आली. आता आरती करा त्याची!"

मग दुकानात शिकून आलेलं तिने सरळ सांगितलं. चावी फिरवली की या डबीतले संपर्क जुळतात आणि स्टार्टरला वीज मिळते. ते झिजलेत, ठोका बसला की तेवढ्यापुरते टेकतात. बोलता बोलता तिने बॅटरीची तार सोडवली, बोल्ट काढले आणि जुनी डबी काढून नवी बसवली. आईने चावी पुन्हा पुन्हा फिरवली. गाडी दर वेळी सुरू, काठी नाही की लाटणं नाही. बाबांनी हळूच पाय काढता घेतला.

"अहो, मालकांचा निरोप तरी घ्या!" थोरली ओरडली.

आई मात्र हसली नाही. "म्हणजे ते गाडीत नव्हतेच?" तिने हळूच विचारलं. "मला वाटायचं, ठोका दिला की निदान ओ तरी देतात."

थोरली गाडीच्या खिडकीशी वाकली. "नव्हते, आई. आणि असते तर तुझा घास असा अडवला असता का त्यांनी?"

"पण श्रद्धा म्हणून काही..." काका पुटपुटले.

"काका, आमचं दुःख खरं आहे. त्यावर कोणी काठी आपटायची नाही! यापुढे कसलाही चमत्कार दिसला, तर हात जोडायच्या आधी झाकण उघडून आत बघा. आणि काठी थोडी बाजूला मारायला सांगा."

आईने पदराने डोळे पुसले. शेजारच्या सीटवर सरकून तिने किल्ली थोरलीच्या हातात दिली.

"चल, कोणाची तरी पट्टी राहिलीये ना? मीही येते."